सल्ला नको, सोबत बसा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



'कोचिंग' या विषयावर बोल असं मला सांगण्यात आलंय. हा शब्द ऐकला की आपल्याला दहावीचे क्लास आठवतात. मूळ फारसं वेगळं नाही. हंगेरीतल्या एका गावच्या घोडागाडीवरून हा शब्द इंग्रजीत आला. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या पार नेणाऱ्या मास्तरला तो लावला, मग तो खेळाच्या मैदानावर गेला. १९७४ साली टिमथी गॉलवे या टेनिस शिकवणाऱ्याने पुस्तक लिहून म्हटलं, की खेळाडूवर सूचनांचा मारा करू नका, त्याचं लक्ष त्याच्याच खेळाकडे वळवा. आज ज्याला कोचिंग म्हणतात त्याची एक मोठी मुळी तिथे आहे. सांगायचं कमी, विचारायचं जास्त.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. २०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार, फार तर उरलेल्या नोकरीच्या पगाराइतका. देशभरात लाखाहून जास्त कर्मचारी बाहेर पडले, त्यात मी. वय सत्तेचाळीस. सासूबाई अंथरुणावर होत्या आणि घरात ठरलं की दोघांपैकी कोणी घरी बसायचं तर मीच. स्वेच्छा नक्की कोणाची, असा रकाना अर्जात नव्हता.

पुढचे सहा महिने मी सकाळी सव्वानऊला साडी नेसून तयार व्हायचे. जायचं कुठेच नसायचं. रेशनकार्डाच्या कामाला गेले तर समोरच्या माणसाने न विचारताच 'गृहिणी' लिहिलं, आणि मी घरी येऊन रडले. गृहिणी असण्यात कमीपणा आहे म्हणून नाही. मला विचारलं नाही म्हणून.

विल्यम ब्रिजेस या लेखकाने १९८० साली अशा स्थित्यंतरांबद्दल लिहिलंय. आधी काहीतरी संपतं, मग मधला रिकामा काळ येतो आणि त्यानंतर नवं सुरू होतं. मधल्या काळात माणूस ना इथला ना तिथला. नव्याने सासरी आलेल्या मुलीला हे वेगळं समजावून सांगायला नको! पण लोक घाई करतात. 'शिवणाचा क्लास काढ', 'देवाधर्मात मन रमव'. माझ्याकडे संघटनेतली एक ज्येष्ठ मैत्रीण सहा गुरुवार येऊन बसली. तिने एकदाच विचारलं, "बँकेतलं नेमकं काय गेलं म्हणून वाईट वाटतं?" मला वाटलं मी पगार म्हणेन. तोंडून निघालं, "मॅडम, हे कसं भरायचं, असं मला कोणी विचारत नाही." त्यानंतर मी बचत गटांच्या वह्या तपासायला जाऊ लागले. ते तिने सुचवलेलं नव्हतं.

आता माझी चूक सांगते. पुढे मीही केंद्रात गुरुवारी बसू लागले. एक बाई आल्या. नवरा वारलेला, कारखान्यात पॅकिंगचं काम. दुसऱ्या गावी सुपरवायझरची जागा मिळत होती. मी उत्साहाने म्हटलं, "संधी सोडू नका, जा." त्या गेल्या. चार महिन्यांनी परत आल्या तेव्हा जुनी नोकरीही नव्हती आणि भाड्याची खोलीही. आठ वर्षांची मुलगी तिथे ठेवायची कोणाजवळ, हा प्रश्न होता. तो मी विचारलाच नव्हता. मोडलं ते त्यांचं, माझा फक्त सल्ला होता.

तेव्हापासून मी चार गोष्टी विचारते. जॉन व्हिटमोर यांच्या १९९२च्या पुस्तकामुळे त्या जगभर पोचल्या: काय हवंय, आज काय आहे, वाटा कोणत्या, आणि यातलं काय कधी करणार. पहिल्याच प्रश्नाला आपल्या बायका अडतात. "मुलाला इंजिनीअर करायचंय" म्हणतात. ते मुलाचं झालं, तुमचं? मग पाच-पाच मिनिटं गप्प. ती शांतता मोडायची नाही, हे मला सर्वांत जड गेलं, कारण मी बोलकी बाई! शेवटी पाऊल मात्र लहान ठरवायचं. पुढच्या गुरुवारपर्यंत मोठ्या दिरांच्या कपाटातून आपलं दहावीचं सर्टिफिकेट मागून आणायचं, एवढंच. काहींना त्यालाच तीन गुरुवार लागतात.

सगळ्याला हे औषध नाही. मार खाणाऱ्या बाईला प्रश्न विचारत बसायचं नसतं. तिला २००५च्या कायद्याखालचा संरक्षण अधिकारी, वकील, डॉक्टर हवा. झोप उडालेली, मरणाचं बोलणारी बाई मानसोपचारतज्ज्ञांकडेच न्यायची. आणि २०१७च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं. ते नसेल, तर नोकरी सोडू पाहणाऱ्या आईला "तुमच्या मनातला अडथळा कोणता?" विचारणं हा तिचा अपमान आहे. तिथे युनियन हवी. बाजारात हल्ली भरमसाट फी घेऊन नेमकं हेच विचारणारे पुष्कळ आहेत. आपल्या देशात कोच म्हणवायला परवाना लागत नाही, हेही ध्यानात ठेवा.

त्या पॅकिंगवाल्या बाई आता माझ्याबरोबरच गुरुवारी बसतात. नवीन कोणी आली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "पोरं कुणाजवळ ठेवून आलात?" आम्हाला आणखी तिघी हव्या आहेत, दुपारी तीन ते सहा. शिक्षणाची अट नाही. गप्प बसता यायला हवं. नावं जेवणाच्या सुटीत माझ्याकडे द्या.