ओलिताचं वावर आणि खाणीचं पाणी

(मुलुंड येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज विषय जरा लांबचा घेतला आहे. पण तो तितकाही लांबचा नाही. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची वीजवाहिनी आहे. तिथे कोळसा जळतो आणि इकडे आपले पंखे फिरतात. तो कोळसा निघतो वर्धा नदीच्या खोऱ्यात, वणी, घुग्घुस, राजुरा या भागात. वणी तालुक्यात माझ्या मावशीचं गाव आहे.

उघडी खाण खोल जाते तसं आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी तिच्यात झिरपतं. ते उपसल्याशिवाय कोळसा निघत नाही. म्हणून पंप चालतात आणि पाणी नाल्याला सोडलं जातं. इकडे जवळच्या विहिरी आटतात, तिकडे कोरडा नाला बारमाही वाहतो. मावशीचं तीन एकर ओलिताचं वावर अशाच एका नाल्याकाठी आहे.

सुरुवातीला सगळ्यांना आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. जिथे कपाशीनंतर वावर मोकळं पडायचं, तिथे गहू-हरभरा आला, वांगी-टोमॅटो आले. मावशी म्हणते, "पाणी आलं तवा मीच नारळ फोडला होता, माय."

तिसऱ्या वर्षी वाफ्यांच्या कडेला पांढरा थर दिसू लागला. ओलं असताना माती पायाला चिकटायची आणि वाळली की दगड. खुरपं आत जाईना. हरभरा उगवायचा आणि पिवळा पडायचा. हे आधी कुणाला कळलं? निंदणाला बसणाऱ्या बायांना. पुरुषांना ते उतारा घटला तेव्हा कळलं.

कारण साधं आहे. दगड-कोळशातून येताना पाणी क्षार घेऊन येतं. काही ठिकाणी कोळशासोबत गंधकाचं खनिज असतं, त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि नाल्याचा तळ तांबूस होतो. सगळ्या खाणींचं पाणी तसं नसतं. पण आपली काळी माती पाण्याचा निचरा हळू करते, म्हणून क्षार वरच साठतात. सोडियम जास्त असेल तर जमीन चोपण होते. कोळशाची बारीक भुकटी आली तर तीही पाटात बसते.

मग पंचनामा झाला. मी त्या दिवशी तिथे होते. आलेल्या माणसाने विचारलं, "खातेदार कोण?" सातबारा अजून मोठ्या दिरांच्या नावावर, एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून. ते नागपूरला असतात. मावशी विधवा, वीस वर्षं वावर तीच कसते, तरी तिचा जबाब लिहिला गेला नाही. मी भांडले. "ताई, तुम्ही तर मुंबईच्या," असं म्हणून तो हसला. एम.एस.डब्ल्यू.ची पदवी बांधावर फारशी चालत नाही!

भूसंपादन झालं तर मोबदला ठरतो, घरातल्या एकाला नोकरीचं बोलणं होतं. ती नोकरी मुलाला किंवा जावयाला जाते, ते सोडा. पण जमीन न घेता नुसती पाण्याने बिघडवली तर? म्हणून तर गावातली पोरं म्हणतात, खाणीनं जमीन घेऊनच टाकावी. मावशी नाही म्हणते. तिच्याशी आठ दिवस कुणी बोलत नव्हतं.

रस्ता अगदीच नाही असं नाही. १९७४ च्या जल कायद्याखाली प्रदूषण मंडळाकडे तक्रार करता येते. २०१० च्या कायद्याने हरित न्यायाधिकरण आलं, पुण्याला त्याचं खंडपीठ आहे. तिथे नुकसानभरपाईसाठी साधारण पाच वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून पहिला पांढरा थर कधी दिसला ती तारीख महत्त्वाची. नमुना तपासताना फक्त आम्लता आणि तरंगते कण मोजून भागत नाही. क्षार, सल्फेट, सोडियम यांचे आकडे मागा, आणि पाण्याबरोबर मातीही तपासा.

आणि सातबारा. नवऱ्याच्या वाट्यावर विधवेचा वारसाहक्क १९५६ पासून कायद्यात आहे. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम काढली, शेकडो गावांत बायांच्या नावे जमिनी झाल्या. मावशीच्या गावात ते वारं पोचलंच नाही.

गेल्या महिन्यात तिने वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला. तिच्याबरोबर आणखी चौघी होत्या. दिरांची सही अजून आलेली नाही. नाल्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या तिने माझ्याबरोबर पाठवल्या आहेत. तपासणीचा खर्च आपल्या गटांनी वाटून घ्यावा, एवढं मागायला मी आज इथे उभी आहे.