ओहोटीची शाळा

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मी डिप्लोमावाला माणूस. रूळ, स्लीपर आणि खडी यांपलीकडे काय बोलणार? त्यावर सचिव म्हणाले, "तुम्ही वडिलांना घेऊन समुद्रावर शिकायला गेला होतात ना, तेच सांगा." दिल्लीत बसून समुद्राबद्दल बोलायचे म्हणजे जरा धाडसच. तरी सांगतो.

सुरुवात एका कबुलीने करतो. वीस वर्षांपूर्वी मी मुंबईत नवा ज्युनियर इंजिनिअर होतो. आमच्या हद्दीला लागून एका खासगी जागेचे काम चालले होते. तिथल्या ठेकेदाराने मला विचारले, "साहेब, हा राडारोडा कुठे टाकू?" मी खाडीकडच्या तिवरांकडे बोट दाखवले. "तिकडे टाका, तो नुसता चिखल आहे." एवढे बोलून मी डबा उघडून जेवायला बसलो. पोरवयातल्या इंजिनिअरचा शब्द, पण ठेकेदाराला तेवढा पुरला. महिन्याभरात ती तिवरे दिसेनाशी झाली.

पुढे २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल जागच्या जागी थांबल्या, रूळ दिसेनासे झाले. रात्रभर कमरेइतक्या पाण्यातून लोकांना वाट दाखवत होतो. त्या ठेकेदाराच्या राड्यामुळे पाणी तुंबले असे मी म्हणणार नाही. एवढ्या पावसापुढे कोणतेही गटार अपुरेच पडले असते. पण पाण्याला पसरायला जागा लागते आणि ती जागा आपण थोडी थोडी करून भरून टाकतो, हे त्या रात्री डोक्यात शिरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड आणि तिवरांवर भराव टाकण्यास मनाई केली. मी ते वर्तमानपत्रात वाचले आणि पान उलटले. कोणाजवळ बोललो नाही.

नंतर प्रतिनियुक्तीवर दिल्लीला आलो, गाझियाबादला घर झाले. आई गेल्यावर अण्णांना इकडे आणले. अण्णा दापोली तालुक्यातले, खाडीकाठी वाढलेले. इथे सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून ते रोज कालनिर्णय बघत आणि म्हणत, "आज भरती तीनला." मला वाटायचे, वयामुळे होत असेल.

दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या लग्नासाठी मुंबईला गेलो. तिथे 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ पासून चालतो. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर लोकांना फिरवतात आणि खडकांतले जीव दाखवतात. शाळेच्या मुलांबरोबर बँकेतले लोक, गृहिणी, निवृत्त माणसेही येतात. अण्णांना घेऊन गेलो. शुद्ध द्वितीया होती. सकाळी साडेसातला सगळे जमलो.

माझ्या मनातली चौपाटी म्हणजे भेळ आणि विसर्जन. पण पाणी मागे सरले तेव्हा खडकांच्या डबक्यांत समुद्रफुले उघडलेली दिसली. शंखात घर करणारे खेकडे आणि बोटाएवढ्या रंगीत समुद्री गोगलगाई दिसल्या. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळही आहेत. सागरी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळी इथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून कुलाब्याला हलवाव्या लागल्या. कारण वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला वाघाच्याच अनुसूचीत जागा आहे. इंजिनिअर म्हणून मला याची लाज वाटली. इतकी वर्षे त्याच शहरात काम करून मला हे ठाऊक नव्हते.

माहिती देणारी मुलगी पंचविशीतली. तिने विचारले, "आज आपण साडेसातलाच का आलो, कोणी सांगेल का?" अण्णा पटकन म्हणाले, "द्वितीया. दोन पाऊणे दीड. भरती दीडला, म्हणजे ओहोटी साडेसातला." ती थबकली. म्हणाली, "आजोबा, हे पुन्हा सांगा, मी लिहून घेते."

मग अण्णांनी सगळ्यांना सांगितले. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनला आणि ओहोटी नवाला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. मित्रहो, हे समुद्राचे टाइमटेबल. गाडी रोज पाऊण तास लेट, पण लेट होण्यातही वक्तशीर! आमच्या खात्याने शिकावे असे आहे. आणि गॅलरीत अण्णा कालनिर्णय का बघत होते, ते मला तिथे उमगले.

तिथून अण्णांच्या हट्टाने वेळासला गेलो. मंडणगड तालुक्यातले हे गाव नाना फडणवीसांचे मूळ गाव. तिथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, मोदक-सोलकढी जेवतात आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जातात. अंडी वाळूत साधारण दीड-दोन महिने राहतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात. २०२२ मध्ये इथल्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवून तिला 'प्रथमा' नाव दिले, ती कुठे जाते ते कळावे म्हणून.

सकाळी कुंपणातली टोपली उचलली. खाली अकरा पिल्ले होती. दोरीमागे आम्ही सगळे चिडीचूप. पिल्ले लाटेकडे निघाली. एक उलटे पडले, पुन्हा सरळ झाले आणि चालू लागले. शेवटचे लाटेत गेल्यावर अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लहानपणी आम्ही ही अंडी उकरून विकली आहेत रे. चार पैसे मिळायचे. वाईट आहे असं कोणी सांगितलंच नव्हतं."

शहात्तर वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. मग मीही त्यांना तिवरांचे सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. नंतर एवढेच म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही. तुला सांगायला कोणी होतं का?"

मंडळी, माझा मुद्दा एवढाच आहे. निसर्गशिक्षण म्हटले की आपण मुलांना चित्रकलेच्या स्पर्धेला बसवतो. पण राडारोडा कुठे टाकायचा हे मुले ठरवत नाहीत. नकाशावर सही मुले करत नाहीत. ते आपण करतो, चाळिशीतली आणि पन्नाशीतली माणसे. म्हणून शिकायची गरज आपल्याला जास्त आहे. सोयीही झाल्या आहेत. ऐरोलीला खाडीकाठी २०१७ पासून किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या महिला मांडवी खाडीत होडीतून तिवरे दाखवतात. सुट्टीत गावी जाताना दोन दिवस यासाठी ठेवा.

आणि दिल्लीत? समुद्र इथेही येतो. हिवाळ्यात यमुनेच्या घाटावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे उतरतात. ते कुरव. उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून येतात, आणि याच जातीचे पक्षी त्याच दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावरही उतरतात. आपण पुलावरून गाडीने जातो, वर बघत नाही. लोक त्यांना शेव-फरसाण घालतात, ते मात्र आपण करू नये. ओखला पक्षी अभयारण्याला तर मेट्रोचे स्टेशनच आहे.

माझी मंडळाला विनंती आहे. येत्या जानेवारीत एक रविवार मोठ्यांसाठी ठेवावा. सकाळी यमुनेचा घाट, मग ओखला. नाश्त्याचे पोहे आमच्याकडून. माहिती सांगायला अण्णा येतील, ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि मान हलवत आहेत.

मात्र अण्णांची एक अट आहे. निघण्याची वेळ रेल्वेच्या नव्हे, समुद्राच्या वक्तशीरपणाने पाळायची.

गणपती बाप्पा मोरया!