लहान कॉलेजातील नोकरी
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



आम्ही मूळचे आपल्या हायस्कुलातले शिक्षक. संस्थेने त्याच इमारतीत पदवीपूर्व कॉलेज काढले, तेव्हा मराठीचे तास घ्यावयास माणूस मिळेना, म्हणून ते आमच्याकडे आले. घरी दख्खनी बोलणारा मुसलमान मास्तर कॉलेजात मराठी शिकवितो, याचे पहिल्या वर्षी काही पालकांना नवल वाटले. निकाल लागला आणि नवल संपले. आज बोलावयाचे आहे ते मात्र त्या कॉलेजात काम करणाऱ्या आम्हां सहाही जणांच्या वतीने.

मोठ्या कॉलेजात एका विषयाचे चार-पाच प्राध्यापक असतात. आमच्याकडे जितके विषय तितकी माणसे. इतिहासाचे सर मुलीच्या लग्नासाठी गावी गेले की इतिहास आठ दिवस बंद. शिकविणे हे तर निम्मेच काम. शिष्यवृत्तीचे अर्ज आता संगणकावर भरावयाचे असतात. आपल्या सीमाभागात मुलाचे नाव मराठीतून कानडीत आणि कानडीतून इंग्रजीत जाईपर्यंत त्याचे रूप पालटते. मग आधारकार्ड आणि शाळेचा दाखला जुळत नाही आणि अर्ज परत येतो. ते निस्तरावयाचे आम्हीच.

तरीही या नोकरीत एक गोष्ट अशी आहे, की जी मोठ्या कॉलेजातील प्राध्यापकास सहसा लाभत नाही. आमच्या बेळगावात शहापूर-वडगावकडे अजून माग चालतात. सकाळच्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलाच्या केसांत सुताची तूस दिसली, की हा रात्रपाळी करून आला आहे हे आम्हांस विचारावे लागत नाही. त्याला झोपू द्यावे आणि दुपारी तोच धडा पुन्हा सांगावा, हे आमच्याकडे जमते. लग्नाची बोलणी सुरू झाली म्हणून एका मुलीचे नाव काढावयास तिचे वडील आले होते. आमच्या समाजशास्त्राच्या बाई त्यांच्या घरी दोनदा जाऊन आल्या. ती मुलगी पुढे बी.कॉम. झाली आणि आज या सभेत मागच्या रांगेत बसली आहे. तिने लाजू नये!

परंतु लहान कॉलेज म्हणजे घरच्यासारखे वातावरण, असे जे भाषणांतून सांगितले जाते, ते आम्हांस अर्धेच पटते. घरच्या कामाचा हिशेब कोणी ठेवीत नाही, हाही त्याचा अर्थ असतो. शिवाय आपल्या विषयावर वाद घालावयास जवळ दुसरा माणूस नसतो. दहा वर्षांपूर्वीच्या टिपणांवर तास निभावून नेला तरी ते कोणाच्या लक्षात येत नाही. मुलांच्या कानावर दोन वर्षे एकाच माणसाचा इतिहास पडतो; तो माणूस आळसावला, तर त्यांना दुसरीकडे दाद मागता येत नाही. पुस्तके आणि मासिके वेळेवर येणे याकरिता आम्हांस चैनीचे वाटत नाही.

अशा समारंभांत आम्हांस नेहमी पुण्याचा दाखला देण्यात येतो. 1885 साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. तेथील आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेऊन महिना 75 रुपयांवर काम केले. गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांच्यापैकीच. इंग्रजी म्हणा, गणित म्हणा, इतिहास-अर्थशास्त्र म्हणा, जो विषय पुढे आला तो त्यांनी शिकविला. 1902 साली ते निवृत्त झाले ते महिना 30 रुपयांच्या पेन्शनवर. हा दाखला आम्हांस मान्य आहे. पण तो पुरता द्यावा. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा कारभार त्या आजीव सभासदांच्याच हाती होता. पैसा कोठे खर्च करावयाचा, कोणता विषय चालू ठेवावयाचा, हे जे शिकवीत तेच ठरवीत. त्यागाबरोबर अधिकारही होता. आम्हांस एवढा अधिकार नको. निर्णय होण्यापूर्वी कोणी विचारले तरी पुष्कळ झाले.

महोत्सवाच्या निधीतून प्रवेशद्वारावर दगडी कमान उभारण्याचे घाटत आहे, असे आम्ही ऐकतो. कमान देखणी होईल यात शंका नाही. तिला आमचा विरोधही नाही. एक गोष्ट मात्र नजरेस आणावयाची आहे. आमचे अर्थशास्त्राचे सर येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. आमच्या वर्गांना अनुदान नाही. नवा माणूस घ्यावयाचा तर पगार संस्थेनेच द्यावयाचा. तो न घेतल्यास अर्थशास्त्र जाईल. अर्थशास्त्र गेले, की ज्यांना पुढे बँकेत किंवा सरकारी नोकरीत जावयाचे आहे ती मुले दुसऱ्या कॉलेजात जातील, आणि त्यांच्यामागून मराठीचा वर्गही जाईल. रात्रपाळी करून येणाऱ्या मुलास मात्र दूरचे कॉलेज परवडणार नाही. तो कोठेच जाणार नाही.

जूनमध्ये वर्ग सुरू होतात. मेअखेर वेळापत्रक फलकावर लावावे लागते. त्यात अर्थशास्त्राच्या तासांपुढे कोणाचे नाव लिहावयाचे, ते विश्वस्त मंडळींनी आम्हांस त्यापूर्वी कळवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.