कुड्याच्या शेंगा आणि आमची विद्या
(नागरा येथें पालकांपुढें केलेलें भाषण)



आमचीच एक चूक सांगून आरंभ करितों. श्रावणांत आम्ही मुलांस रानांतील भाज्या व औषधी ओळखावयास नेलें. हातीं पुस्तक, पुस्तकांत चित्रें. महादेवाच्या देवळापलीकडील माळावर एका मुलानें झाड दाखविलें. आम्ही चित्राशीं ताडून सांगितलें, हाच तो आंवेवरचा पांढरा कुडा. शेजारच्या बांधींत निंदण करणारी एक म्हातारी बाई हंसली. म्हणाली, "गुरुजी, हा काळा कुडा होय. याच्या जोडशेंगांचीं टोकं जुळलीं आहेत पाहा. पांढऱ्याचीं सुटीं राहतात." वीस वर्षें शिकवून आम्हांस जें ठाऊक नव्हतें, तें अंगठा उमटविणाऱ्या बाईस ठाऊक होतें! बाजारांत पांढऱ्याच्या सालींत काळ्याची भेसळ चालते, ती आमच्यासारख्यांच्या अज्ञानावरच.

पुस्तक पिशवींत गेलें, आणि आम्हीही मुलांत जाऊन बसलों. बाईनें काटवलाचे दोन वेल दाखविले. मादी वेलाच्या फुलाखालीं इवलेंसें काटेरी फळ असतें. नराच्या फुलाखालीं तें नसतें. हें एकदां पाहिलेला मुलगा नर वेलापाशीं फळाची वाट पाहत बसणार नाहीं. तरोट्याचीं पानें सांज होतांच मिटतात, असें ती म्हणाली. मुलें सांजेला जाऊन पाहून आलीं.

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागितलें तें हेंच. शाळेंत शेतकीचें ज्ञान असावें, मास्तर शेतकरी वर्गांतला व वेळ पडल्यास नांगर धरणारा असावा. आम्ही शेतकऱ्याचेच पुत्र. पण ट्रेनिंग कॉलेजांतून प्रमाणपत्र आणलें आणि आईची विद्या घरीं ठेवून आलों! आज आमच्या मुली डब्यांत तरोटा आणावयास लाजतात. ती गरिबांची भाजी म्हणे! ही लाज त्यांस कोणीं शिकविली? आपण व आम्हींच. ज्या बायांस हें ज्ञान आहे त्या म्हाताऱ्या झाल्या. त्या गेल्यावर विचारावयाचें कोणास?

म्हणून आमचें मागणें थोडकें आहे. दर शनिवारीं एक तास मुलांस जाणत्या बायांबरोबर रानांत पाठवा. प्रत्येक वनस्पतीचें मराठी, पोवारी व गोंडी नांव वहींत उतरूं द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें ग्रामपंचायतीची लोकनोंदवही असते. तींत ह्या बायांचें ज्ञान त्यांच्या संमतीनें, त्यांच्या नांवानिशीं नोंदवा. मात्र नियम पाळा. गुंज व धोतरा विषारी आहेत, तोंडांत घालूं नये. सातया मुलांनीं एकट्यानें तोडूं नयेत. तणनाशक फवारलेल्या धुऱ्यावरील भाजी घेऊं नये. झाडाची साल सभोंवार सोलूं नये, झाड मरतें. आणि दुखण्यांत वैद्य-डॉक्टरास विचारल्याविना कोणताही काढा पोटांत घेऊं नये.

त्या बाईस आम्ही येत्या शनिवारीं शाळेंत बोलाविलें आहे. खुर्ची तिची, आम्ही मुलांबरोबर सतरंजीवर बसूं. आपणही यावें.