चेहऱ्याला आम्ल लावण्यापूर्वी

(मंचर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून चेहऱ्याच्या लेपांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु मी रसायनशास्त्र शिकवतो. आम्लाच्या ज्या बाटलीला प्रयोगशाळेत आम्ही मुलांना विचारल्यावाचून हात लावू देत नाही, तसली बाटली आता कुरिअरने घरपोच येते आणि आरशासमोर उघडली जाते. तेव्हा हा विषय माझ्याच खात्यातला आहे, असे मी समजतो.

या प्रकाराला 'केमिकल पील' म्हणतात. आम्लाने कातडीचा वरचा थर सैल करावयाचा, तो पापुद्र्यासारखा निघून जातो आणि खालून नवी कातडी येते. कल्पना जुनी आहे. पॉल उन्ना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी १८८२ मध्येच सॅलिसिलिक, ट्रायक्लोरोॲसेटिक इत्यादी द्रव्यांचे कातडीवरील परिणाम नोंदवून ठेवले होते. मुरुमांचे डाग, वांग यांवर डॉक्टर आजही ही पद्धत वापरतात. ती खोटी नाही, आणि म्हणूनच तिचा धाक बाळगावयास हवा.

ग्लायकोलिक ॲसिड उसात असते म्हणून जाहिरातवाले त्याला 'नैसर्गिक' म्हणतात. आपल्या शिवारात ऊस काय थोडा आहे? उसाच्या रसाने कोणी भाजत नाही; भाजते ते बाटलीतल्या तीव्रतेने. आणि नुसत्या टक्केवारीवरूनही सगळे कळत नाही. दहावीच्या मुलांना पीएच ठाऊक आहे. एक अंक खाली गेला की आम्लता दसपट. अमेरिकेत प्रसाधन-उद्योगाच्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी या जातीच्या आम्लांना दहा टक्के आणि किमान साडेतीन पीएच अशी मर्यादा सुचविली. बाजारात मात्र सत्तर टक्क्यांपर्यंतची बाटली मिळते, आणि पुष्कळदा तिच्यावर पीएचचा उल्लेखही नसतो.

ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडची गोष्ट आणखी निराळी. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर गोठतो, तशी कातडीतील प्रथिने ते गोठविते. चेहरा पांढरा पडतो. एकदा गोठले की सोडा लावून वा पाणी ओतून ते माघारी येत नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशी तीव्र द्रावणे डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेऊ नका, वापरू नका, असा जाहीर इशारा दिला.

आता आपल्या रंगाविषयी. लहानपणी गुडघा फुटला की जखम भरते, पण काळा डाग महिनोन् महिने राहतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. आपल्या सावळ्या कातडीतील रंगपेशी इजा झाली की अधिक रंग ओततात. म्हणजे गोरे होण्यासाठी लावलेल्या आम्लाने जरा अधिक भाजले, तर तोच चेहरा पूर्वीपेक्षा काळा होतो. त्यातून नवी कातडी उन्हाला फार हळवी असते. शेतात, एस.टी.च्या थांब्यावर, शाळेच्या वाटेवर ऊन चुकवावयाचे कसे? म्हणूनच जाणकार डॉक्टर आधी काही आठवडे कातडीची तयारी करतात, कानामागे थोडे लावून पाहतात, सौम्य द्रावणापासून सुरुवात करतात आणि घड्याळ समोर ठेवतात. हे काम न्हाणीघरात, एका हातात मोबाईल धरून, होण्यासारखे नाही.

काही भगिनी म्हणतील, आम्ही तर लिंबूच लावतो. लिंबाच्या रसाचा पीएच सुमारे दोन असतो, कातडीचा पाचच्या आसपास. शिवाय लिंबाच्या जातीच्या फळांचा रस अंगावर असताना ऊन लागले तर फोड येतात व तपकिरी चट्टे उरतात. स्वयंपाकघरातले म्हणून ते निरुपद्रवी, असा हिशेब नाही.

आम्ल निदान जळजळून आपली ओळख देते. बिनलेबलाची क्रीम तेवढेही करीत नाही. अकोल्यातील एकाच घरातील तिघींना, आई आणि दोन मुलींना, मूत्रपिंडाचा विकार जडल्याची बातमी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या तिघी चेहऱ्याला एकच क्रीम लावीत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला, तोही भरपूर. पारा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो. तपासणीत त्यांच्या रक्तातही तो वाढलेला आढळला.

पालकांना स्पष्टच बोलतो. ही बाटली मुलगी उगाच मागवीत नाही. घरात पाहुणे येऊन गेले की "हिचा रंग जरा दबलेला आहे" हे वाक्य तिच्या कानावर पडलेले असते, पुष्कळदा आपल्याच घरच्या वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून. मुलगेही मुरुमांपायी हेच करू लागले आहेत. त्यांना कोणी विचारीत नाही इतकेच.

आणि भाजलेच तर? वाहत्या गार पाण्याखाली चेहरा निदान वीस मिनिटे धरावा, डोळे उघडझाप करीत धुवावेत. टूथपेस्ट, हळद, तूप, खाण्याचा सोडा यांपैकी काहीही लावू नये. मग मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे तत्काळ जावे. डोळ्यात गेले असेल तर एक क्षणही दवडू नये. रागाच्या भरात मुलीला बोलत बसू नये; बोलणी बसतील या भीतीने मुली रात्रभर सोसतात आणि सकाळी सांगतात. बाटली किंवा क्रीमची डबी फेकून देऊ नये, सोबत न्यावी. अकोल्याच्या त्या घरातली क्रीम तपासावयास मिळाली, म्हणून तर तिघींच्या आजाराचे कारण सापडले.