सामाईक भिंत



  वऱ्हाडातल्या वास्तुविशारद, अभियंते आणि ठेकेदारांचे अधिवेशन अकोल्यात भरवायचे, नव्या साहित्याची आणि नव्या सॉफ्टवेअरची चर्चा करायची आणि मोर्णा नदीच्या पलीकडे न फिरकता परतायचे, हे आपल्या पेशाला शोभणार नाही. म्हणून मी आज जुन्या शहरातल्या नव्या बांधकामांबद्दल बोलणार आहे.

या शहराला दोन काठ आहेत. पश्चिमेला तटबंदीतले मूळ अकोला, पूर्वेला ताजनापेठ. औरंगजेबाच्या काळात, 1697च्या सुमारास, वजीर असदखानाच्या नावाने असदगड उभा राहिला. अगरवेशीवरचा मराठी लेख मात्र सांगतो की 1843मध्ये किल्ला बांधला तो गोविंद आप्पाजींनी. दोन्ही दावे एकत्र वाचले की मला तरी त्यात डागडुजी करणाऱ्याचा अभिमान दिसतो, आणि आपल्यापैकी कोण त्याला नावे ठेवील? 1853मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, पुढच्या दशकात रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, कचेऱ्या आणि बंगले पूर्व काठावर गेले. 1870च्या आसपास इंग्रजांनी किल्ला मोडला. 1910च्या गॅझेटियरात तर त्याच्या मध्यभागी शाळा भरत असल्याची नोंद आहे.

तट गेला, पण तटाच्या आतले भूखंड तसेच राहिले: अरुंद, खोल, एकमेकांना खेटलेले. 2001मध्ये महानगरपालिका झाली, 2016मध्ये आजूबाजूची गावे हद्दीत आली आणि सगळ्यांचे लक्ष नव्या ले-आउटकडे वळले. त्याच काळात जुने शहर घराघराने बदलत राहिले. कोणती योजना जाहीर झाली नाही, भूमिपूजनाचा नारळ कोणी फोडला नाही. आज हा वाडा उतरला, दिवाळीनंतर तो. कवेलू गेले, धाबे गेले, सागवानी खांब जुन्या लाकडाच्या बाजारात गेले. त्या जागी खाली शटरचे दोन गाळे आणि वर तीन मजले.

याबद्दल उसासे टाकण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. वाडा रम्य वाटतो तो पाहुण्याला. धाब्याला दरवर्षी माती टाकावी लागे, गळक्या माडीवर दोन सुना आणि एक न्हाणी एवढ्यावर संसार चाले. त्या घरातल्या माणसांना संडास, पाण्याची टाकी, मुलांना अभ्यासाची खोली हवी आहे आणि त्यांचा तो हक्क आहे. जुने शहर पुन्हा बांधले गेलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की आपण ते कसे बांधतो आहोत.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. आपण प्लॉट बघतो. जुने शहर गल्लीने उभे आहे.

एक साधी गोष्ट घ्या. दोन घरांमधली पांढऱ्या मातीची दोन हात जाडीची भिंत. तिच्या एका अंगाला एकाचे देवघर, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचा जिना. दोन्ही घरांच्या तुळया तिच्यातच शिरलेल्या. एका मालकाने घर पाडायला काढले. मजुरांनी तुळया ओढून काढल्या, भिंतीला भगदाडे पडली. मग कॉलमसाठी खड्डा खणला, तोही भिंतीच्या अगदी पायाशी, कारण एक इंचही सोडायचा नाही. जुन्या गावठाणाची जमीन म्हणजे कित्येक पिढ्यांचा भराव. खाली कुठे बुजवलेला आड लागतो, कुठे धान्याचे पेव. खड्डा आठवडाभर उघडा राहिला, वळवाचा पाऊस आला आणि शेजाऱ्याच्या जिन्यापासून माडीपर्यंत बोट जाईल अशी भेग पडली. नकाशा मंजूर होता, डिझाइन बरोबर होते, स्टील हिशेबाप्रमाणे होते. चुकले एवढेच की त्या नकाशावर शेजारचे घर काढलेलेच नव्हते. तिथे 'इतरांची मालमत्ता' असे लिहून मोकळी जागा सोडलेली होती.

आपले नियमही प्लॉटपुरतेच पाहतात. डिसेंबर 2020मध्ये राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. दाट वस्तीसाठी तिच्यात वेगळ्या तरतुदी आहेत, वारसा वास्तूंसाठीही आहेत. पण अर्ज येतो एका मालकाचा आणि तपासले जाते त्याचे सामासिक अंतर, त्याची उंची, त्याचे चटई क्षेत्र. महारेराचे छत्रही इथे फारसे पोहोचत नाही, कारण 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत आणि जुन्या शहरातले बहुतेक प्लॉट त्याहून कितीतरी लहान. मंजूर एक, उभे दुसरेच, हाही आजार जुना आहे. 2017मध्ये शासनाने 31 डिसेंबर 2015पूर्वीच्या अनधिकृत बांधकामांसाठी प्रशमनाचे नियम आणले. दंड भरून कागद नियमित होतो, हे खरे. पण गल्लीवर आलेला छज्जा त्यामुळे मागे सरकत नाही.

त्या गल्लीची खरी परीक्षा श्रावणात होते. शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी भरून कावडी निघतात आणि भरण्यांच्या रांगा खांद्यावर घेतलेली पोरे राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात. मोठी कावड वळणावर आली की पुढचे ओरडतात, मागचे थबकतात, कोणी काठीने वायर उचलून धरतो. आपण वाढवलेला प्रत्येक छज्जा, रस्त्यावर आणलेली प्रत्येक पायरी त्या दिवशी मोजली जाते. कावड अडली तर चार माणसे वाट काढतात. मे महिन्याच्या रात्री शॉर्टसर्किटने आग लागली आणि अग्निशमनाची गाडी त्याच वळणावर अडली, तर वाट कोण काढणार?

दुसरी गोष्ट पाण्याची. रस्ता दरवेळी जुना थर न खोदता वरच नव्याने काँक्रीट केला जातो. नवे घर बांधणारा आपले जोते त्याहून दोन फूट वर घेतो. मधल्या जुन्या घराची ओसरी आता रस्त्याच्या खाली आहे आणि पहिल्या मुसळधार पावसात गल्लीचे सगळे पाणी तिथेच उतरते. जुलै 2021मध्ये एका रात्रीच्या पावसाने मोर्णा फुगली आणि काठावरच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे आपण पाहिले आहे. त्याआधी जानेवारी 2018मध्ये याच शहरातल्या लोकांनी हजारोंच्या संख्येने नदीत उतरून जलपर्णी काढली होती. लोक आपले काम करतात. उताराची पातळी सांभाळणे हे मात्र आपले काम आहे, त्यासाठी लेव्हल लावणारा माणूस लागतो.

तिसरी गोष्ट उन्हाची. अकोल्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. जाड भिंत आणि मधले अंगण दुपारची उष्णता बाहेर थोपवत होते. त्याऐवजी चार इंची विटांची भिंत, वर उघडा स्लॅब आणि पश्चिमेला काच, असे आपण देतो आणि मग प्रत्येक खोलीला एसी सुचवतो. एसी गरम हवा कुठे सोडतो? त्याच सहा फुटी गल्लीत, समोरच्याच्या खिडकीवर.

मालकांकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण त्यांची अडचण ऐका. एका वयस्क गृहस्थांना मी विचारले, भिंत फुगली आहे, घर उतरवत का नाही? ते म्हणाले, "घर पाडाले भेत नाई साहेब, भावायच्या सह्या आनाले भेतो." नझूल शीटवर आजोबांचे नाव, आखीव पत्रिकेवर सात वारस, त्यातले दोन पुण्यात, एक सुरतेला. वाटणीपत्र होत नाही म्हणून दुरुस्ती होत नाही, दुरुस्ती होत नाही म्हणून पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस लागते. शेवटी कोणीतरी सगळ्यांचे हिस्से पडत्या भावात घेतो आणि जास्तीत जास्त मजले चढवतो.

बाहेर काय चालते तेही पाहू. अहमदाबादचे जुने शहर 2017मध्ये जागतिक वारसा यादीत आले. तिथे वारसा घर न पाडणाऱ्याला हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो, तो विकून घर दुरुस्त करता येते. जपणाऱ्याच्या हातात पैसा पडला तरच जतन होते. आपल्या अमरावतीचा परकोटही इथे आठवावा. पेंढाऱ्यांच्या भीतीने गावाभोवती बांधलेली ती दगडी भिंत, जवाहर गेटसारख्या वेशींसह आजही बाजाराच्या गर्दीत उभी आहे, कारण तिच्यातून लोकांची रोजची ये-जा आहे.

तेव्हा सूचना मांडतो. महानगरपालिकेने जुन्या शहरासाठी गल्लीवार पातळी-नकाशा करावा आणि प्रत्येक परवानगीत जोत्याची उंची त्यावरून ठरवावी. शेजारचे तीन-चार मालक एकत्र आले तर त्यांना सामाईक जिना, सामाईक टाकी आणि मध्ये अंगण ठेवून बांधता यावे आणि त्याचा मोबदला चटई क्षेत्रात मिळावा. मिळून बांधणे फायद्याचे झाले की भावांच्या सह्याही लवकर होतात. तीस वर्षांवरील इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद कायद्यात आहेच, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ मध्ये. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी आपल्यातल्या ज्येष्ठ अभियंत्यांनी महिन्यातून एक दिवस द्यावा. आणि महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी उतरणाऱ्या प्रत्येक वाड्याची मोजमापे घ्यावीत, तुळईच्या सांध्यापासून धाब्याच्या थरांपर्यंत. पुढच्या घरांना त्यातूनच शहाणपण मिळेल.

शासनाकडे मागायचे ते मागू. पण काही गोष्टींना शासन निर्णयाची गरज नाही, आपल्या सहीची आहे. म्हणून अध्यक्ष या नात्याने हा ठराव मी स्वतः मांडतो: जुन्या शहरातल्या कोणत्याही बांधकामाच्या नकाशावर दोन्ही बाजूंची शेजारघरे त्यांच्या भिंती, पाया आणि जोत्यासह दाखवल्याशिवाय या अधिवेशनाचा एकही सभासद सही करणार नाही. पाडकामाआधी सामाईक भिंतीचे फोटो शेजाऱ्यासमक्ष काढले जातील, टेकू दिले जातील, पाया एका वेळी एका टप्प्याने खणला जाईल आणि पावसाळ्यात खड्डा उघडा राहणार नाही.

यामुळे कामे थोडी लांबतील, एखादा ग्राहक दुसऱ्याकडे जाईल. तो ज्याच्याकडे जाईल तोही याच मंडपात बसलेला आहे, म्हणून हा ठराव सर्वांनी मिळून करायचा आहे. ज्यांना अनुमोदन द्यायचे असेल त्यांनी हात वर करावेत.