हलके काँक्रीट आणि खारा वारा



चिऱ्याची भिंत रत्नागिरीला नवी नाही. पण मजल्यावर मजला चढू लागला, की जांभ्याच्या चिऱ्याचे वजन भारी पडते आणि हलके सामान हवेसे वाटते. साधे काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरते. भाजून फुगवलेल्या मातीची खडी वापरली, तर तेच १८०० किलोंपर्यंत उतरते. मग खांबांवरचा आणि पायावरचा भारही कमी होतो.

हा हलकेपणा येतो खडीच्या पोटातल्या हवेमुळे, म्हणजे छिद्रांमुळे. आपल्या किनाऱ्यावर भीती नेमकी त्यांचीच आहे. चार महिने धो धो पाऊस, उरलेले वर्षभर खारा वारा. मिठातले क्लोराइड ओलाव्याबरोबर सळईपर्यंत पोचले, की लोखंड गंजते, फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून टाकते. मांडवीपासून मिऱ्यापर्यंत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

इथे नॅनो-सिलिका, म्हणजे सिलिकेची अतिसूक्ष्म पूड, उपयोगी पडते. तिचा कण सिमेंटच्या कणाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा असतो. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की थोडा चुना मोकळा होतो. त्याचा ताकदीला फारसा उपयोग नसतो. सिलिका हा चुना धरते आणि त्याचा चिकट, घट्ट बांधणारा पदार्थ बनवते. खडीभोवतीचा कच्चा थर त्याने भरून निघतो आणि पाण्याची वाट अरुंद होते. खडीतली हवा जागेवरच राहते, म्हणून वजन वाढत नाही.

मात्रा सिमेंटच्या एक ते तीन टक्के पुरते. जास्त घातली तर कण गोळा होतात, मिश्रण घट्ट होते. मग गवंडी वरून पाणी ओततो आणि सगळे मुसळ केरात. कोरडी पूड श्वासातून छातीत जाते, म्हणून सिलिका पाण्यात कालवलेलीच घ्यावी. कामगाराच्या जिवाशी खेळून घर मजबूत करण्यात अर्थ नाही.

अडचण आहे नॅनो-सिलिकेच्या किमतीची. पण आपल्या भातगिरण्यांमधल्या तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. तूस साधारण ७०० अंशांच्या आत जाळले, तरच ती चुन्याशी नीट संयोग पावते. भट्टी त्याहून तापली तर सिलिकेचे स्फटिक होतात आणि राख निरुपयोगी ठरते. ही राख नॅनो-सिलिकेइतकी बारीक नसते, तरी काम त्याच रीतीने करते.

इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी नॅनो-सिलिकेच्या आणि राखेच्या अशा दोन्ही मिश्रणांचे, आत सळई घातलेले ठोकळे ओतावेत. २८ दिवसांची ताकद मोजून थांबू नये. ते भगवती बंदराच्या वाऱ्यात दोन पावसाळे ठेवावेत आणि मग फोडून मीठ किती आत शिरले ते पाहावे.